तीन नंबरच्या मशीनचे रबर

त्यांचे खरे आडनाव हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले. धुलाई कारखान्यात सगळे त्यांना थेंबेकाका म्हणत. मशीनची कुठलीही दुरुस्ती झाली, की ते दाराखाली एक कोरा तपकिरी कागद अंथरत, मशीन पाण्याने भरून चालू करत आणि पंधरा मिनिटांनी गुडघे टेकून त्या कागदाकडे बघत विचारत, “थेंब आहे का?” हा प्रश्न ते कुणाला विचारत, हे कुणालाच ठाऊक नव्हते. उत्तरही तेच देत. “नाही.” मग कागदाची चारपदरी घडी खिशात जाई आणि मशीन कामगारांच्या ताब्यात. एकदा इस्त्रीवरच्या मावशींनी गंमत म्हणून लांबून हाक मारली, “अहो थेंबे!” त्यांनी मान वळवून सरळ ‘ओ’ दिली. त्या दिवसापासून आडनाव बदलले ते बदललेच.

कारखान्यात तीन इस्पितळांचे कपडे येत. चादरी, अभ्रे, रुग्णांचे सदरे, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे डगले. त्यासाठी पाच मशिने होती, एकेकाच्या तोंडात माणूस कमरेपर्यंत सहज वाकेल एवढी. ड्रमच्या तोंडाशी, जिथे दार येऊन टेकते, तिथे करड्या रबराचे एक जाड कडे बसवलेले असते. सगळी भिस्त त्या कड्यावर. आत कढत पाणी, सोडा आणि साठ किलो ओल्या कपड्यांची घुसळण. बाहेर कोरडी फरशी आणि तिच्यावरून गाडे ढकलत जाणाऱ्या बायका. मध्ये काय ते एवढे रबर. वर्ष-दीड वर्षात ते खालच्या अंगाला, जिथे पाणी साचून राहते तिथे, कडक होते, त्याला केसासारखे बारीक तडे जातात आणि एके दिवशी फरशी ओली होते. मग रबर बदलायचे. काम सांगायला एका वाक्याचे. करायला बसले की अर्धा दिवस खाणारे.

थेंबेकाकांना हे काम शिकवले ते बॉयलरवरच्या जुन्या मिस्त्रींनी. ते त्यांना डोळे मिटायला लावत आणि हातावर रबराचे तुकडे ठेवत.

“हे कुठलं?”

“नवं.”

“हे?”

“वर्षभर चाललेलं.”

“आणि हे?”

“हे... तुमच्या चपलेचं आहे, मिस्त्री.”

मिस्त्री हसत नसत, पण त्या दिवशी चहा त्यांच्याकडून असे. रबराचे दुखणे डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी आणखी दोन पद्धती घालून दिल्या होत्या. नवे रबर एक दिवस आधी पेटीतून काढायचे, चिकटू नये म्हणून त्याला शंखजिऱ्याची पांढरी भुकटी चोळायची आणि स्टोअरमधल्या लाकडी खुंटीला टांगायचे, म्हणजे पेटीत पडलेल्या वळ्या सुटतात. जुने रबरही लगेच फेकायचे नाही. ते धुवायचे, पुसायचे, त्यालाही भुकटी लावून मशीनमागच्या खिळ्याला अडकवायचे. नवे तीन दिवस नीट चालले, की मगच जुने भंगारात. एकदा एक नवे रबर पहिल्याच पाण्याला फाटले होते आणि त्या दिवशी जुन्यानेच वेळ मारून नेली होती, म्हणून ही खबरदारी. मिस्त्री निवृत्त झाले, मग वारले, पद्धती राहिल्या. एकतीस वर्षांत थेंबेकाकांनी त्या एकदाही मोडल्या नाहीत.

आणि मग मागल्या वर्षी त्यांची बोटेच त्यांना सोडून गेली.

आधी उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत. नंतर मुंग्याही येईनाशा झाल्या, आणि ते अधिक वाईट होते. एका संध्याकाळी त्यांनी गॅसवरचे गरम पातेले उघड्या हाताने उचलून शांतपणे ओट्यावर ठेवले. बायकोच्या तोंडून किंकाळी फुटली, तेव्हा कुठे त्यांनी हाताकडे पाहिले. मनगटात शीर दाबली गेली होती. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, “शीर मोकळी केली आहे. बोटांना पुन्हा कळू लागेल. कधी आणि किती, ते मात्र मला विचारू नका. मधल्या काळात ही बोटं खोटंही बोलतील. गुळगुळीत वस्तू खरखरीत लागेल, गार वस्तू कोमट लागेल. तिकडे लक्ष द्यायचं नाही.”

डॉक्टरांनीच एक व्यायाम सांगितला आणि घरात नवा खेळ सुरू झाला. बायको एका कापडी पिशवीत बारीकसारीक वस्तू टाकी, आणि काकांनी आत हात घालून, न बघता, त्या ओळखायच्या. परीक्षक त्यांची मुलगी. ती शाळेत शिकवत असे, त्यामुळे दयामाया नव्हती.

“ओळखा, बाबा.”

“किल्ली.”

“लसणाची पाकळी आहे!”

“तशी लांबट लागली.”

“लांबट काय! अहो, निदान वास तरी घ्यायचा,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

“वास घेतला तर मग हाताची परीक्षा कसली?”

“बरं, हे?”

“बटण. शर्टाचं.”

“माझ्या कोटाचं आहे. पण बटण तर बटण. अर्धा गुण.”

चार महिन्यांनी निकाल काठावर आला. कधी दहातल्या सहा वस्तू ओळखता येत, कधी चारच. रजा संपली आणि काका कामावर हजर झाले.

मॅनेजर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते, आणि माणूस मनाने चांगला. “काका, घाई नाही,” ते म्हणाले. “ऑफिसात खिडकीपाशी एक टेबल रिकामं करून घेतलंय. इस्पितळांचे फोन घ्या, गाड्यांच्या वेळा लावा. सावलीतलं काम आहे. मशिनं बघायला बाहेरचा मेकॅनिक येतोच आहे.”

काकांनी त्या टेबलाकडे पाहिले. टेबल खरोखरच चांगले होते. वर काचही होती.

“तीन नंबरचं रबर बदलायला झालंय,” ते म्हणाले. “तेवढं मला करू द्या. कागदावर थेंब पडला, तर मी आपण होऊन इथे येऊन बसेन. नाही पडला, तर हे टेबल दुसऱ्या कुणाला द्या.”

“पैज लावताय काय, काका?”

“पैज नव्हे. माझं मलाच कळलं पाहिजे.”

बायकोला त्यांनी यातले काही सांगितले नाही. 

आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तीन नंबरची, रबर आवळून धरणारी पोलादी पट्टी सैल केली, जुने रबर सोडवून घेतले, ते बसते ती खाच घासून साफ केली आणि रात्रभर वाळायला ठेवली. जुने रबर त्यांनी स्टोअरच्या ताईंच्या हाती दिले. ताई वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान. पण ते त्यांना ताई म्हणत आणि त्या त्यांना काका. काका रजेवर असताना बाहेरचा मेकॅनिक जुनी रबरे कचऱ्यात टाकून जाई, आणि ताई ती पुन्हा उचलून, धुऊन टांगत. “आमच्याकडे अशीच पद्धत आहे,” असे त्या त्याला ठणकावून सांगत.

“नवं बाहेर काढून ठेवलंय ना, ताई?”

“सकाळीच काढलं. सगळं तुमच्या पद्धतीने. तुम्ही काळजीच करू नका.”

दुसऱ्या दिवशी काका सातलाच आले. ताई नऊला येत. पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन ते तीन पायऱ्या उतरले, स्टोअरच्या खुंटीवरचे कडे काढून खांद्यावर टाकले आणि मशीनपाशी आले. मशीनमागच्या खिळ्यावर दुसरे कडे पांढऱ्या भुकटीत लपेटून टांगलेले होते. सगळे जागच्या जागी.

खाचेत साबणाचे पाणी फिरवून त्यांनी कामाला हात घातला. नवशिका माणूस एका टोकापासून सुरू करून गोल फिरत जातो. तसे केले की रबर हातात ताणले जाते आणि पुढे आठवडाभरात आखडून जागा सोडते. काकांनी आधी रबराची वरची खूण मशीनवरच्या खुणेला लावली, मग पाणी निथळायला रबराच्या तळाशी असलेली भोके पाण्याच्या वाटेवर आणली, मग डावी-उजवी बाजू. चार ठिकाणी रबर बसले, की उरलेले थोडे थोडे दाबत जायचे. डावा हात नेटाने काम करत होता आणि उजवा, नवखा पाहुणा वावरावा तसा, त्याच्या मागेमागे जात होता.

खालच्या भोकांच्या उजवीकडे, चार बोटे अंतरावर, त्यांच्या उजव्या तर्जनीला काहीतरी खरखरीत लागले.

ते थांबले. बोट पुन्हा फिरवले. पुन्हा तेच. जणू कुणी बारीक वाळू पेरली होती.

पण कडे कोरे करकरीत, कालच पेटीतून निघालेले. त्यांनी वाकून पाहिले. भुकटीच्या पांढऱ्या थराखाली सगळे सारखेच करडे दिसत होते. तेव्हा त्यांना डॉक्टरांचे शब्द आठवले. खोटे बोलते आहे, त्यांनी मनाशी म्हटले, आणि त्या बोटावरचा विश्वास काढून घेतला. रबर नेहमीपेक्षा लवकर आणि निमूटपणे बसत होते, हेही त्यांच्या ध्यानात आले. हल्ली मालच मऊ येतो, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी पट्टी आवळली.

साडेनऊला कागद अंथरला गेला. बायका आपापल्या कामात होत्या, म्हणजे तसे दाखवत होत्या. मावशी तर एकच अभ्रा तिसऱ्यांदा इस्त्री करत होत्या.

“मावशी, जाळाल तो,” कुणीतरी म्हणाले.

“जळू दे. इकडे माझा जीव टांगणीला लागलाय.”

गार पाणी भरले. कागद कोरडा. ड्रम फिरला. कागद कोरडा. मग कढत पाणी सोडले. बाराव्या मिनिटाला दाराच्या खालच्या कडेला काहीतरी चकाकले, लोंबले, आणि तपकिरी कागदावर एक गडद ठिपका उमटला. मग दुसरा. मग तिसरा. काकांनी आज प्रश्न विचारला नाही.

“मशीनचा घाम असेल,” मावशी हळूच म्हणाल्या. “पहिल्या पाण्याला येतो कधी कधी.”

“घाम एकाच जागी येत नाही, मावशी.” त्यांनी मशीन बंद केले. आवाज अगदी नेहमीसारखा होता, आणि त्यामुळेच मावशींना भरून आले. “मॅनेजरना जरा सांगाल? म्हणावं, काका येताहेत. हे उघडून ठेवतो आणि येतो.”

उघडून ठेवायची तशी गरज नव्हती. पण दुपारी बाहेरचा मेकॅनिक आला तर त्याला आयती सुरुवात करता यावी, एवढा शेवटचा नीटनेटकेपणा त्यांना करायचा होता. पाणी सोडून दिल्यावर ते ड्रमच्या तोंडाशी बसले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हातातला पाना जड लागला. मनात खिडकीजवळचे टेबल येऊन उभे राहिले. त्याच्यावरची काच. फोन. माणूस तिथेही जगतोच. बायकोला बरेच वाटेल. त्यांनी पट्टी सोडवली आणि डाव्या हाताने रबराची खालची कड ओढून घेतली.

डाव्या तर्जनीला खरखरीत लागले.

डावा हात तर धडधाकट होता. त्याला कधी कुणी कापले नव्हते, त्याची कुठली शीर दबली नव्हती. त्यांनी उजवे बोट तिथे नेले. खरखरीत. डावे. खरखरीत. मग त्यांनी तो भाग दोन्ही अंगठ्यांनी मागे वाकवला, आणि पाण्याने कालवलेली भुकटी निखळून पडली. खाली चार बोटे लांबीचे, केसासारखे बारीक, शेजारी शेजारी गेलेले तडे उघडे पडले. एका दिवसाच्या रबराला असे तडे जात नाहीत. त्याला दीड वर्ष लागते.

ते उठून मशीनच्या मागे गेले. खिळ्यावरच्या कड्याला आधी उजवे बोट लावले. गुळगुळीत. कडा टणक, ताठ, दाबले की उलटून दाब देणाऱ्या.

“ताई!”

थेंबेकाकांना ओरडताना कारखान्याने कधी ऐकले नव्हते. ताई हातातले रजिस्टर टाकून पायऱ्या चढून धावत आल्या. त्यांच्या मागून मावशी, मावशींच्या मागून सगळ्याजणी.

“काय झालं, काका? हाताला लागलं का?”

“हे खिळ्यावर काय टांगलंय?”

“ते? नवं रबर.” ताईंनी मशीनकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाशी लोंबणाऱ्या कड्याकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं बाई! म्हणजे तुम्ही खुंटीवरचं घेतलंत?”

“नवं खुंटीवरच असतं ना?”

“असतं हो. पण मी म्हटलं, काकांना आता पायऱ्या उतरायला नकोत, ओझं न्यायला नको, मशीनपाशीच हाताशी ठेवू. म्हणून नवं खिळ्याला लावलं. मग खुंटी रिकामी होती, तर जुनं धुऊन तिकडे... सकाळी नऊला आल्या आल्या सांगणार होते. तर तुमचं बसवून झालेलं. मला वाटलं, दिसलं असेल तुम्हाला.”

“नव्यावर कंपनीचा कागद चिकटवलेला असतो.”

“तो तुम्ही नेहमी सोलता. म्हणून मीही सोलला.” ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. “आणि भुकटी लावली दोन्हींना. अगदी तुमच्यासारखी. आतून, बाहेरून.”

मावशींनी कमरेवर हात ठेवले.

“म्हणजे अहो थेंबे, जुनं काढलंत, त्याला न्हाऊ-माखू घातलंत, पावडर लावलीत, आणि पुन्हा त्याच घरी नांदायला पाठवलंत!”

आधी एकजण फसकन हसली, मग साऱ्याच हसल्या. ताई रडता रडता हसत होत्या. आणि काका? काका आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

“ताई, तुम्ही रडू नका,” ते म्हणाले. “मला हे सकाळीच कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“हे बोट मला सांगत होतं. इथे तडे आहेत म्हणून. पहिल्याच फटक्यात सांगितलं त्याने. मीच म्हटलं, तू खोटं बोलतंयस.” ते वळले आणि खिळ्यावरचे कडे उतरवू लागले.

नवे रबर जुन्यासारखे शहाणे नव्हते. ते बसायला राजीच होईना. वरून दाबले की खालून उसळे, डावीकडे बसवले की उजवीकडे निसटे. काकांच्या कपाळावरून घाम ओघळू लागला आणि चेहऱ्यावर मात्र कमालीचे समाधान पसरले, कारण नवे रबर असेच हटवादी असते आणि त्यांच्या बोटांना ते जागोजाग कळत होते. इथे वळी आहे. इथे कड आत दुमडली आहे. इथे बसले. उजवा हात अजून पटकन दमत होता. मधूनमधून ते तो झटकत, पुन्हा लावत. ताईंनी जुन्या कड्याला लाल चिंधीची चांगली ठसठशीत गाठ मारून ते खिळ्याला अडकवले, आणि यापुढे जुन्याला चिंधी बांधायची असा नियमही तिथल्या तिथे जाहीर केला. मिस्त्रींच्या पद्धतीत ही पहिली दुरुस्ती होती. काकांनी मान हलवून ती मंजूर केली.

नवा कागद अंथरला. एव्हाना मॅनेजरही खाली आले होते. त्यांना मावशींनी सगळी हकिकत दोनदा, दोन वेगळ्या प्रकारे सांगितली होती. गार पाणी झाले. कढत पाणी झाले. मग ड्रमने वेग घेतला, फरशी थरथरू लागली, आणि पाणी बाहेर फेकले गेले ते फक्त नळीतून. वीस मिनिटांनी मॅनेजरच, पँटची पर्वा न करता, खाली वाकले. त्यांनी कागदावर तळहात फिरवला, हात उलटा करून पाहिला आणि तो कोरडा कागद काकांना दिला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मावशी आपल्या इस्त्रीकडे परतल्या, गाडे पुन्हा खडखडू लागले, आणि तीन नंबरपुढे तुंबलेल्या चादरींचा डोंगर बायकांनी बघता बघता आत कोंबला.

दुपारी बारा वाजता काकांच्या घरी फोन वाजला. कामावरून ते कधी फोन करत नसत, त्यामुळे बायकोच्या तोंडचे पाणी पळाले.

“काय झालं? हात?”

“हात ठीक आहे. तू जेवलीस का?”

“हे विचारायला फोन केलात?”

मग त्यांनी सांगितले. टेबल, रबर, मॅनेजरना दिलेला शब्द.

“आणि मला बोलला नाहीत,” ती म्हणाली.

“तुला रात्रभर झोप लागली नसती.”

“आणि तुम्हाला लागली?”

“नाही.”

“मग दोघं जागे राहिलो असतो की. सोबत तरी झाली असती.”

मागे तीन नंबर गरगरत होते. “बरं, ठेवतो,” ते म्हणाले. “पाच नंबरचंही रबर बघायचंय.”

“ते पळून जात नाही. बसा कुठेतरी आणि पहिल्यापासून सांगा. नुसतं ‘सगळं ठीक झालं’ म्हणून मला चालायचं नाही.”

काकांनी इकडेतिकडे पाहिले, कपड्यांचे एक रिकामे खोके पायाने ओढून पालथे केले, त्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.